बारावा रकाना

मंगळवारी चौकशीला येतो, असा निरोप जमादार परुळेकरांनी पोस्टमनच्या हाती धाडला होता, आणि मंगळवार उजाडला तरी फॉर्मचा बारावा रकाना कोराच होता. बाकीचे लवूने केव्हाच भरून टाकले होते. नाव लवू विठोबा कोयंडे, वय सव्वीस, शिक्षण मॅट्रिक, मुक्काम सर्जेकोट, धंदा मासेमारी. नवव्या रकान्यात भावंडांची नावं विचारली होती, तिथे त्याने ‘दत्ताराम, मयत’ एवढंच लिहिलं. बाराव्यात विचारलं होतं, आपणास कधी अटक, दंड वा शिक्षा झाली आहे काय? गेले आठ दिवस लेखणी त्या प्रश्नापाशी अडली होती.

नौदलाच्या बिनतारी खात्यात निवड व्हायची म्हणजे चेष्टा नव्हती. परीक्षा झाली, मुंबईच्या डॉक्टरने छाती ठोकून पाहिली, आता उरली होती ही पोलिसांची चौकशी. गोव्यात अजून पोर्तुगीज ठाण मांडून होते. कुठली लाँच कधी निघते आणि कुठे जाते हे ज्याच्या कानांवर रोज पडणार, तो माणूस आहे कसा, हे सरकारला आधी पाहायचं होतं. लवूची ना नव्हती. आपणही पाहिलं असतं, असं तो म्हणायचा.

“एका शब्दाचा काम,” सहदेव म्हणाला. लवूचा हा थोरला काका घरापुढच्या खळ्यात मांडी ठोकून रापणीचं, किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचं, फाटलं जाळं शिवत होता. गावाच्या रापणीचा तो म्होरक्या, त्यामुळे जाळं असो की माणूस, आपल्याशिवाय सांधलं जात नाही अशी त्याची समजूत होती. “‘नाही’ असा लिव आणि शाई सुकव.”

“काकानू, माका धरलेलो खराच मा?”

“धरलेलो. म्हणान काय आता दवंडी पिटतलंस?”

लवूची आई पार्वती उंबऱ्यात बसून माशांच्या टोपलीला वेत घालत होती. मधली पडवी कोणाची यावरून तिचं आणि थोरल्या दिराचं तीन वर्षं धड नव्हतं. एरवीही ती त्याच्याशी थेट बोलत नसे. त्याला सांगायचं ते खांबाला सांगायची. आज मात्र तिने खांबाला सांगितलं की ह्या घरात एकट्याच माणसाला अक्कल आहे आणि तो माणूस जाळं शिवतो आहे. सहदेवचा सुईचा हात क्षणभर थांबला. भावजयीच्या तोंडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती.

पार्वतीचं म्हणणं साधं होतं. नवरा विठोबा तापाने गेला, थोरला दत्ताराम दर्याने नेला. राहिला हा एक. तो कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसून पगार घेणार असेल तर तेवढ्यासाठी एक शब्द खोटा लिहिला म्हणून देव काही तिच्यावर रागावणार नव्हता. फार तर ती देवाशी बोलून घेईल.

“दारू सोडून चार वर्सां झाली तुका,” ती लवूला म्हणाली. “संपलो तो विषय. उकरून कित्याक काढतस?”

तेवढ्यात आनंदी पेजेचं भांडं घेऊन बाहेर आली. दत्तारामची बायको, या घरची थोरली सून; तो गेल्यापासून तिची चूल मागल्या पडवीत वेगळी होती. ती अशा बोलण्यात पडत नसे, आणि पडली की सरळ मुद्द्यावर यायची.

“पण आये, पोलिसांच्या वहीत भावजींचा नाव आसतलाच मा? हेनी ‘नाही’ लिवला आणि तेनी वही उघडून बगली, मगे?”

“वहीत तेचा नाव नाय,” सहदेव म्हणाला.

“नाय कसा? धरलो तेका, कोठडीत घातलो, मगे लिवला कोणाचा?”

सहदेवने खाली मान घालून गाठ मारली. तिथे गाठ मारायची गरज नव्हती. पार्वतीने टोपली उगाच फिरवून घेतली. दोघांनी एकदम लवूकडे पाहिलं, आणि आनंदीच्या लक्षात आलं की हे तिघांनाही माहीत आहे आणि आपल्यालाच नाही.

“दादाचा,” लवू म्हणाला. “दत्ताराम विठोबा कोयंडे.”

छप्पन सालच्या शिमग्यातली ती गोष्ट. दत्तारामला जाऊन पाच महिने झाले होते आणि लवू त्या पाच महिन्यांत शुद्धीवर असा फारसा नव्हताच. गोव्याच्या हद्दीवरच्या आरोंद्याला खाडीच्या काठावर तो बाटली छातीशी धरून पडलेला हवालदाराला सापडला. दारूबंदीचे दिवस. निरोप गेला, सहदेव धावत आला, हवालदाराने विचारलं याचं नाव काय, आणि सहदेवच्या डोक्यात ती हुशारी आली. जित्या पोराला पुढे नोकरी करायची आहे, लग्न करायचं आहे. मेलेल्याचं आता काय वाईट व्हायचं राहिलं? त्याने दत्तारामचं नाव सांगितलं. नाव खोटं असं कोण म्हणणार होतं? दत्तारामचं प्रेत सापडलंच नव्हतं. दर्भाचा पुतळा करून क्रिया केली होती, आणि क्रियेनंतर सरकारी नोंद करायला कोणी गेलं नव्हतं. कागदोपत्री तो जिवंत होता. पुढे सहदेवने ही हुशारी रापण ओढताना चारचौघांत हसत हसत सांगितलीसुद्धा.

आनंदीने सगळं ऐकून घेतलं. मग पेजेचं भांडं जमिनीवर नीट टेकवलं आणि मागल्या दारी निघून गेली.

*

तिला राग आला होता. तो नक्की कोणावर काढावा हे कळेना म्हणून ती स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

दत्तारामने कधी विडी ओढली नव्हती. शिमग्यात सगळे झिंगून पडत तेव्हा हा एकेकाला खांद्यावर टाकून घरी पोचवायचा आणि वर त्यांच्या बायकांच्या शिव्या खायचा. असा माणूस कार्तिकातल्या वादळात बुडाला, आणि सरकारच्या वहीत मात्र तो पाच महिन्यांनी आरोंद्याला दारू पिऊन पडला होता. तिने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि तिकडे कोणीतरी शाईने लिहून ठेवलं होतं की तो आहे, आणि असा आहे. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण विधवेने ओरडायचं तर शेजार जमा होतो, म्हणून ती राख जोराने घासत राहिली.

लवू येऊन माडाच्या मुळाशी उभा राहिला.

“वयनी.”

“तुमका कधीपासून ठावक?”

“सुटलंय त्याच दिवशी. काकांनीच सांगल्यानी.”

“आणि माका साडेचार वर्सांत एकदा सांगूचा वाटला नाय?”

“वाटला. रोज वाटला. तू माका दारात उभो करूचं नाय, ह्या भयान गप रवलंय.”

भय खोटं नव्हतं. त्या दिवसांत कळलं असतं तर तिने खरंच त्याला उभा केला नसता.

“आजून एक आसा,” लवू म्हणाला. “शनिवारी भाई इल्लो बंदरार.”

आरोंद्याचा भाई तिला ऐकून माहीत होता. पलीकडून दारू आणायची, अलीकडे विकायची, आणि गिऱ्हाईक पडलं की त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही, असा माणूस. लवू त्याचंच पिऊन पडला होता. हल्ली तो दारूचा धंदा सोडून चोरट्या सोन्याच्या मागे लागल्याचं बोललं जाई.

“कशाक इल्लो?”

“नोकरी लागली म्हणान गोड बोलूक. बिस्किटांचो डबो दिल्यान. मी परत केलंय. हसलो, पाठ फिरयल्यान, आणि जाता जाता इचारल्यान, ‘दत्ताराम कसो आसा रे? बरो मा?’”

आनंदीचा हात थांबला.

“काय व्हया तेका?”

“आज कायच नको. मी बिनतारीर बसलंय काय सांगतलो, कस्टमची लाँच खंय जाता ता कळव. मी नाय म्हटलंय तर जमादाराक जाऊन सांगतलो, ह्येका इचारा दत्ताराम कोण. म्हणजे नोकरी तेच्या हातात. आज ‘नाही’ लिवलंय, तर जलमभर तेच्या हातात.”

“म्हणजे तेंचा नाव आता भाईच्या खिशात.”

“होय.”

आनंदीने हात धुतले, पदराला पुसले. तिने लवूकडे सरळ पाहिलं. भावजय दिराकडे असं सहसा पाहत नाही, पण आजचा दिवस सहसा येणारा नव्हता.

“तुमची नोकरी जाऊदे असा माझ्या मनात नाय,” ती म्हणाली. “तुमी मुंबयत जावा, खुर्चीर बसा. माका बराच वाटतला. पण तेंका थंयसून सोडवा आधी. माका दुसरा काय नको.”

*

लवूने खळ्यात येऊन दौत उघडली आणि बाराव्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. मग भाईची गोष्ट सांगितली.

पार्वतीने ती ऐकली, आणि सकाळपासूनचा दिराशी झालेला तह जागच्या जागी मोडला. आज तिने खांबाला मध्ये घेतलंच नाही.

“तुमच्या हुशारीन झाला ह्या!” ती सहदेवला म्हणाली. “गेलेल्या झिलाचा नाव दारूत बुडयलात, आणि आसलेल्याक भाईच्या दावणीक बांधलात. वर रापणीर हसत सांगलात!”

लग्न होऊन आल्यापासून तेहतीस वर्षांत ती त्याच्याशी थेट बोललेली ही पहिली वाक्यं. सहदेव चाट पडला. त्या दिवशी आरोंद्याला तो काही मजा म्हणून गेला नव्हता. पुतण्याचं तोंड ओकारीत माखलेलं होतं आणि हवालदार त्याला बुटाने हलवत होता. एक पोर दर्याने नेलं, दुसरं सरकार नेणार, असं वाटलं आणि तोंडातून नाव निघून गेलं. हसण्यावारी नेलं ते नंतर. भ्यायलो होतो, असं रापणीवर सांगता येत नाही.

आता जमादार विचारणार, नाव कोणी दिलं? गावात सहदेवच्या शब्दावर तंटे मिटत होते. पोलिसाला खोटं सांगितलं म्हणून त्यालाच ठाण्यात उभा केला, तर उद्या कोण त्याला पंच म्हणून बोलावणार?

लवूने ते ओळखलं. “तुमचा नाव येवचा नाय, काकानू,” तो हळू आवाजात म्हणाला. “माझा मी बगतंय.”

सहदेवला हायसं वाटलं. लगेच आपल्याला हायसं वाटल्याची त्याला लाज वाटली. तो जाळं तसंच टाकून माजघरात जाऊन बसला.

*

जमादार परुळेकर दुपारी आले. वहाणा पायरीखाली काढल्या, कोकमाचं सरबत घेतलं, माडांची चौकशी केली. शांत माणूस. टोपी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायला बसले.

लवू ताठ बसला होता. कचेरीत बोलतात तसं मराठी त्याने मनात जुळवून ठेवलं होतं आणि ते बरंच नीट बाहेर आलं. भाऊ गेल्यावर पिऊ लागलो. रोज पीत होतो. छप्पनच्या शिमग्यात आरोंद्याला अटक झाली, एक रात्र कोठडी आणि दंड. त्याच सालच्या नारळी पौर्णिमेपासून घेतलेली नाही. वहीत नाव भावाचं लागलं आहे, तो त्याआधीच बुडाला होता. आणि आरोंद्याचा भाई, त्याला हे ठाऊक आहे. भाई काय बोलला तेही त्याने शब्दाला शब्द सांगितलं.

जमादारांची लेखणी भाईच्या नावापाशी जरा रेंगाळली.

“आरोंद्याची वही मी मागवून पाहिली होती,” ते म्हणाले. “लवू कोयंडे तीत कुठेच नाही. तू बोलला नसतास तर मी आज सरबत पिऊन गेलो असतो.”

“होय साहेब.”

“बरं. भावाचं नाव हवालदाराला कोणी सांगितलं?”

“मीच.”

“तू बेशुद्ध होतास ना? आत्ताच म्हणालास.”

“थोडी शुद्ध होती.”

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. अशा वेळी लोक रागावले तर बरं, असं दारामागे उभ्या पार्वतीला वाटलं.

“हे बघ,” ते म्हणाले. “प्यायचास, आता पीत नाहीस, हे मी वर लिहू शकतो. चार वर्षं काही थोडी नव्हेत. अटकेचंही लिहू शकतो, तुझं वय काय होतं, घरात काय झालं होतं, सगळं. वरचे लोक माणसंच आहेत. पण घरच्या माणसाला वाचवायला खोटं बोलतो, असं मला लिहावं लागलं, तर पुढचं कोणी वाचणार नाही. उद्या घरच्याच कोणी तुझ्याकडे एखादी बातमी मागितली तर तू काय करशील? तेवढंच त्यांना बघायचं असतं. तेव्हा पुन्हा विचारतो. नाव कोणी सांगितलं?”

खाली मान घालून लवू स्वतःच्या पायांकडे पाहत होता. काकाला दिलेला शब्द तोंडाशी आडवा आला होता, आणि नोकरी समोर टोपीवरच्या कागदावर होती. पार्वतीने दारामागे पदराचं टोक चावलं. सांग रे, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. पण सांगितलं तर घराची अब्रू जाते, हेही तिला कळत होतं.

माजघरात काहीतरी हललं. सहदेव बाहेर आला. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. गावातल्या कोणी त्याला असा उघड्या डोक्याने परक्यापुढे उभा पाहिला नव्हता.

“साहेब, खोडा ते,” तो म्हणाला. कचेरीचं मराठी तीन शब्दांतच संपलं. “ह्येका शुद्ध खंय होती? ह्येका आपलो हात खंयचो ता ठावक नव्हता. नाव मी सांगलंय. सहदेव धाकू कोयंडे. लिवा.”

“काकानू!”

“गप रे. माका तुझ्या आड लपूचा नाय.”

जमादारांनी दोघांकडे पाहिलं. “तुम्हाला ठाण्यावर यावं लागेल, सहदेवराव. खोटी खबर दिली, हा गुन्हा आहे. जुना असला तरी आहे.”

“येतंय. म्हणशात त्या दिवशी येतंय.”

सहदेव पायरीवर बसला. छातीवरचं काही उतरल्यासारखं त्याला वाटलं. पार्वतीने आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

“आता एक राहिलं,” जमादार म्हणाले. “हा पीत नाही, हे सांगणारं कोणी हवं. गावात दोघांना विचारून आलोय. घरातलं कोण सांगेल?”

पार्वती पुढे व्हायच्या आत आनंदी बोलली.

“मी सांगतंय. हे गेल्यार भावजी पियाक लागले, तेवा मी तेंका सांगलंय, जेवाण माझ्याकडे. दिवो लागताना येवचा. ताटावर बसूच्या आधी माझ्यासमोर तोंड उघडूचा. वास इलो तर ताट उचलतलंय. पयल्या पावसात धा येळा उचल्लंय. नारळी पुनवेपासून एकदाव उचलूचा लागला नाय. चार वर्सां रोज वास घेतंय, साहेब. खोटा कशाक सांगू?”

जमादारांनी हसू दाबलं आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लवूचे कान लाल झाले होते. ही गोष्ट पार्वतीलाही ठाऊक नव्हती. वहिनीच्या हातचं जेवण आवडतं म्हणून तो तिकडे जातो असं समजून ती चार वर्षं मनातून रुसलेली होती.

नेमणुकीचं पत्र यायला पुढे पौष उजाडला. त्यात ‘पात्र’ हा शब्द होता आणि सहा महिने नजरेखाली ठेवण्याची अट होती. सहदेवला न्यायाधीशाने समज देऊन सोडलं. दोन तंट्यांना गावाने त्याला बोलावलं नाही आणि तिसऱ्याला बोलावलं. भाई त्यानंतर सर्जेकोटला फिरकला नाही. पण त्या मंगळवारी दुपारी यातलं काही कोणाला माहीत नव्हतं.

सह्या घेण्याआधी जमादारांनी जबाब वाचून दाखवला. लवूचा, मग सहदेवचा, मग आनंदीचा. शेवटी त्यांनी स्वतःचा मजकूर वाचला. “आरोंदा येथील नोंदीत आरोपी म्हणून दाखवलेला इसम दत्ताराम विठोबा कोयंडे हा सदर तारखेपूर्वीच, सन एकोणीसशे पंचावन्नच्या कार्तिक महिन्यात, दर्यात बुडून मयत झालेला असून त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. नोंद दुरुस्त व्हावी.”

सहदेवने सही केली. लवूने केली. आनंदीने अंगठा शाईत टेकवला आणि कागदाजवळ नेऊन मध्येच थांबवला.

“साहेब, तेंचा तेवढा परत एकदा वाचशात?”

जमादारांनी वाचलं. या वेळी सावकाश वाचलं. आनंदीने अंगठा उमटवला, ती तिथेच खळ्यात बसली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडली. शेजारच्या बायका कुंपणापाशी जमा झाल्या. तिला कोणी गप्प केलं नाही.